तुम्ही मोटारीशी बोलायचात

मामंजी, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की घरातल्या पोरांना तुम्ही फक्त भिंतीवरच्या फोटोतले माहीत आहात. त्या फोटोत तुम्ही फेटा बांधून असे ताठ बसला आहात की मला तो तुमचा वाटतच नाही. मला तुम्ही दिसता ते ॲसिडनं भोकं पडलेल्या खाकी विजारीत, पत्र्याच्या शेडमध्ये मोटारीवर वाकलेले आणि तिच्याशी बोलत असलेले. तुमच्या हयातीत मी तुमच्याशी समोरासमोर किती बोलले असेन? एका हाताची बोटं पुरतील. आज मी अशी पानामागून पानं भरताना तुमच्या कारभारणीनं, आत्याबाईंनी, बघितलं असतं तर म्हणाल्या असत्या, "आता कुटनं गं वाचा फुटली हिला?" त्यांचं चुकलं नसतं. एके दिवशी नागठाण्याच्या रस्त्यावर मी बोलायला हवं होतं आणि बोलले नाही, त्याबद्दलच लिहायला बसले आहे.

मी लग्न होऊन वाईहून साताऱ्याला आले तेव्हा लढाई सुरू झालेली होती. वर्षाच्या आत तुमचा मुलगा पलटणीत ड्रायव्हर म्हणून गेला आणि त्याच्या मागोमाग शेडमधले दोन्ही गडी भरती झाले. राहिलात तुम्ही एकटे. तुम्ही आधीच्या लढाईत बसऱ्याला होतात, साहेबाच्या मोटारींच्या बॅटऱ्या तिथं सांभाळल्यात आणि ती विद्या गाठीला बांधून परत आलात. वाईपासून पाटणपर्यंत उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारी बॅटरी रुसली की तुमच्या दारात यायच्या. ड्रायव्हर बॅटरी बिघडली असं म्हणायचे, पण तुम्ही म्हणायचात की दहातल्या आठ वेळा बॅटरी बिचारी धडधाकट असते, तिच्या डोक्यावरची दोन टर्मिनलं आणि त्यांना जोडलेल्या वायरी सडलेल्या असतात. तिथं पांढरट-हिरवी बुरशी चढते, वायरीच्या टोकाची कडी खाऊन टाकते, मग हळूहळू वायरीच्या कातड्याखाली शिरते, आणि वरून वायर ठणठणीत दिसते. त्या दिवसांत नवी वायर मिळणं मुश्किल. सगळं तांबं लढाईला गेलं, असं जो तो म्हणायचा. त्यामुळं जुन्यातलं चांगलं तेवढं कापून, टोकाला नवी कडी कथलाचा डाग देऊन बसवायची, हेच तुमचं मुख्य काम झालं होतं.

आणि नेमके तेव्हाच तुमचे डोळे गेले. दोन्हीत मोतीबिंदू. घरात आत्याबाईंना माहीत होतं, बाहेर कुणाला नाही. चालण्याबोलण्यात तुम्ही कळू द्यायचा नाहीत. मोटार ओळखीची, पाने खुंटीवर ठरल्या जागी, त्यामुळं भागायचं. एका दुपारी मी भाकरी घेऊन शेडमध्ये आले तर तुम्ही वायरीचं टोक नाकाला लावून बघत होतात आणि वितळलेलं कथील कडीत पडायच्या ऐवजी तुमच्या बोटावर पडलं.  बोट तोंडात घातलंत आणि थोड्या वेळानं मोटारीला म्हणालात, "डोळं ग्येलं गं माजं. आता तुज्या वायरी कोन जोडनार?"

मी भाकरीची पाटी खाली ठेवली, पदर खोचला आणि ते टोक तुमच्या हातातून घेतलं. एवढं धाडस माझ्यात कुठून आलं ते मला आजही सांगता येणार नाही. दिवसभर पत्राची वाट बघत बसण्याचा मला वीट आला होता, हे एक कारण असेल. इटलीहून तुमच्या मुलाचं पत्र दोन-दोन महिने यायचं नाही, आणि आलं की त्यातल्या निम्म्या ओळी सेन्सॉरनं काळ्या केलेल्या असायच्या. कडीत कथील ओतताना मात्र दुसरं काही सुचत नाही. हात हलला की संपलं.

त्या काळी सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायची आपल्यात रीत नव्हती. निरोप असला तर आत्याबाईंमार्फत, आत्याबाई नसल्या तर भिंतीला. "पानी कुनी दील का," असं तुम्ही भिंतीला विचारायचात आणि मी तांब्या आणून ठेवायचे. आता काम शिकवायचं म्हणजे काय करायचं? तुम्ही मोटारीला शिकवलंत. "हे बग, तुज्या अंगाला जोडलेली वायर आदी सोडायची. आदी ती, मग दुसरी. जोडताना उलटं. आलं का ध्यानात?" मोटार काय बोलणार. मी मान हलवायचे, पण ती तुम्हाला दिसायची नाही, म्हणून मी पान्याचा एक ठोका पत्र्यावर द्यायला लागले. एक ठोका म्हणजे कळलं, दोन म्हणजे पुन्हा सांगा. असं आपलं चांगलं वर्षभर चाललं. कोमट पाण्यात सोडा कालवून टर्मिनलवर ओतायचा, तो फसफसून शांत होईपर्यंत थांबायचं, पुन्हा ओतायचा. मग चाकूनं खरवडायचं. वायरीच्या तारा काळ्या असतील तर लाल तांबं दिसेपर्यंत मागं मागं कापत जायचं, कंजुषी करायची नाही. शेवटी वरून ग्रीस. हे सगळं तुम्ही एका मुक्या मोटारीला इतक्या मायेनं सांगितलंत की कधी कधी मला तिचा हेवा वाटायचा.

रागावलात तेही तिच्यावरच. एकदा मी दुसरी वायर आधी सोडली, पाना मोटारीच्या अंगाला टेकला आणि अशी ठिणगी उडाली की माझ्या पदराला भोक पडलं. तुम्ही मोटारीवर कडाडलात, "बेअक्कल हायस! सांगून सांगून त्वांड दुकलं माजं! मरायचं हाय का तुला?" बाहेर पाटणचा ड्रायव्हर विडी ओढत बसला होता. तो आत डोकावून म्हणाला, "मिस्तरी, गाडीला काय कळतंय त्यातलं?" तुम्ही म्हणालात, "कळतंय रं. लय हुशार हाय ती." मी मोटारीच्या पलीकडं लपून बसले होते. आधी रडू आलं होतं, मग हसू आवरेना.

आत्याबाईंना हे पसंत नव्हतं. "घरची सून मोटारीत हात घालती व्हय? पावनंरावळं काय म्हनतील?" असं त्या रोज एकदा म्हणायच्या आणि दुपारी माझ्या वाटणीची धुणीही आपणच उरकायच्या. बाहेर कळू द्यायचं नाही, हे आपलं तिघांचं न बोलता ठरलेलं होतं. गिऱ्हाईक आलं की मी मागच्या दारानं घरात जायचे आणि तुम्ही हातात पाना घेऊन पुढं व्हायचात. लोकांनी नाव घ्यायचं ते तुमचं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. मला फक्त दुसऱ्या दिवशी पुन्हा शेडमध्ये जायला मिळायला हवं होतं.

रीत मोडायचीच म्हटलं तर मोडता यायची, हेही मला ठाऊक होतं. एकदा ॲसिडची बरणी तुमच्या कोपराशी होती आणि तुम्ही हात मागं नेत होतात, तेव्हा मी मोठ्यानं ओरडले होते, "मामंजी, हात थांबवा!" तुम्ही थांबवलात. त्याबद्दल नंतर कुणी अवाक्षर काढलं नाही, तुम्ही मोटारीजवळही नाही.

आता खंडेनवमीच्या हत्यारपूजेकडं येते. त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही वायरीसाठी सांगलीला गेला होतात. तिथल्या एका जैन व्यापाऱ्याच्या गोदामात लढाईआधीचा माल शिल्लक आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. शेडमध्ये पाटण लाइनीची मोटार उभी, पूजेचा मान तिचा. मी सगळे पाने राखेनं घासले, जमीन सारवली, आंब्याचा टहाळा लावला आणि मग माझी नजर बॅटरीवर गेली. पितळी कड्या काळवंडलेल्या होत्या. तुम्हीच कधीतरी मोटारीला सांगितलं होतं, "घंगाळागत लख्ख दिसलं पायजे." आपल्या घरात घंगाळ लख्ख कशानं करतात? मी घरात गेले, चिंचेचा गोळा आणि मूठभर मीठ घेऊन आले आणि कड्या न काढताच, जागच्या जागी घासल्या. अशा चमकल्या म्हणून सांगू! वरून पाण्याचे चार शिंतोडे मारले आणि पुसलं. चिंचेचं आंबट आणि मिठाचं पाणी कडीच्या फटीतून वायरीच्या कातड्याखाली उतरलं असणार, पण मला त्या चकाकीपुढं ते सुचलंच नाही. सोडा कशासाठी ओततात, आंबट मारायला. आणि मी आंबटच चारलं. विचारायला तुम्ही असता तर मी दोन ठोके दिले असते.

संध्याकाळी तुम्ही आलात. दोन हात वायर मिळाली होती. शिवाय माधवनगरच्या गिरणीतल्या तुमच्या ओळखीच्या फिटरकडून तुम्ही डाग द्यायचं एक नवं लोखंड करून आणलं होतंत, नेहमीपेक्षा हलकं, मूठ बारीक तासलेली. ते खिडकीत ठेवलंत आणि मोटारीला म्हणालात, "ह्यानं मनगाट दुकायचं न्हाई." मग सवयीनं टर्मिनलावरून बोट फिरवलंत. "ग्वाड गुळगुळीत केलंय गं," म्हणालात. मी फुलून गेले. दुसऱ्या दिवशी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि मोटार पाटणला गेली.

भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस सायकलवरून घामाघूम होऊन आला. पाटणहून येणारी मोटार नागठाण्याच्या अलीकडं बंद पडली होती. हँडल मारून मारून ड्रायव्हरचे खांदे उतरले, पण ठिणगीच नाही. आत बसले होते दिवाळीला रजेवर आलेले जवान, पाटण खोऱ्यातल्या वाड्यावाड्यांतले, आणि त्यांना दुपारची गाडी धरायला सातारा रोड स्टेशनला पोचायचं होतं. गाडी चुकली की रजा उलटली, आणि रजा उलटली की काय होतं ते मला तुमच्या मुलाच्या पत्रातून माहीत होतं. त्याच्या तंबूतल्या एकाला दोन दिवसांच्या उशिरापायी आत टाकलं होतं.

तुम्ही वायर, कथील, लोखंड, सोडा, पाने पिशवीत भरलेत आणि दारात थांबलात. एकट्याला जमणार नव्हतं. आत्याबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "जा. पदर नीट घे." गुळाच्या एका लॉरीनं आपल्याला नेलं, तुम्ही पुढं, मी मागं ढेपांवर. पोचलो तर रस्त्याच्या कडेला पंचवीस-तीस जवान ट्रंकांवर बसलेले, मोटारीच्या मागं, पेट्रोल मिळेना म्हणून बसवलेली, कोळशाच्या गॅसची भट्टी धुमसतेय, आणि दोन्ही बाजूंना माथ्यावर गेलेला ऊस. एक पोरगेला जवान पुढं आला. "आवं मिस्तरी, आजची गाडी चुकली तर आमाला आत टाकत्यात. बगा की लवकर." तुम्ही म्हणालात, "बगतो. पर एक हाय. सून संगट हाय, अतीतला पावन्यांकडं निगालोय. तिला उनात कुटं हुबी करू? हितं इंजिनाच्या सावलीत बसंल. तवा समद्यांनी जरा उसाकडं त्वांड करा, दादांनू." आणि मामंजी, ती अख्खी पलटण सवयीनं एका दमात वळली. ड्रायव्हरला तुम्ही भट्टीचा पंखा फिरवायला मागं पिटाळलंत.

मी कडी सोडली तर ती हातातच आली. आत वायरीच्या तारांचा हिरवा भुगा झालेला, आणि त्या भुग्यात वाळलेली चिंचेची एक शीर.  मी ती शीर तुमच्या तळहातावर ठेवली. का ठेवली? लपवता आली असती. तुम्ही ती दोन बोटांत चोळलीत, हुंगलीत आणि मोटारीला एवढंच म्हणालात, "म्होरं चल. मागं काप." मी लाल तांबं दिसेपर्यंत कापत गेले. तुम्ही लोखंड त्याच भट्टीत तापवून आणलंत, मी कडीत कथील ओतलं, वायर बसवली, सोड्यानं टर्मिनल धुतलं, खरवडलं, आवळलं, ग्रीस लावलं. तीस पाठी माझ्याकडं होत्या आणि माझे हात अजिबात हलले नाहीत. पत्र्यावर एक ठोका दिला. ड्रायव्हरनं हँडल मारलं आणि तिसऱ्या झटक्याला मोटार धडधडली. जवानांनी असा गलका केला की उसातली पाखरं उठली.

तिथं सगळं संपलं असतं. पण तेवढ्यात लाइनीचे मालक आपल्या गाडीतून साताऱ्याहून आले. ड्रायव्हरनं आळ स्वतःवर येऊ नये म्हणून मी कापून टाकलेला तुकडा उचलून त्यांच्यापुढं धरला. बेरकी माणूस, त्यानं एक शीर त्यातूनही शोधून काढली. "मालक, चिच हाय ह्यात! तांब्यापितळंची भांडी घासावी तसं कुनीतरी घासलंय." मालकांनी तुमच्याकडं बघितलं. "मिस्तरी, काम तुमच्या शेडमधलं. हे कुणी केलं?"

मी इंजिनाच्या सावलीत उभी होते. तुमच्यापासून चार हातांवर. जवान आता आपल्याकडं तोंड करून बघत होते.

"म्या केलं," तुम्ही म्हणालात. "मला दिसत न्हाई मालक आता. दोन्ही डोळं ग्येल्यात. चाचपडताना चिच हाताला लागली, ती घासली."

 मग मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि मग बरेच जण हसले. पोरं होती, सुटकेनं हसली असतील, मी त्यांना दोष देत नाही. मालक हसले नाहीत. "आंधळ्या माणसानं गाड्या घेऊ नयेत मिस्तरी. माणसं बसतात त्यात," एवढं म्हणाले आणि गेले. मोटारही गेली. ज्या गोष्टीवर तुम्ही वर्षभर पांघरूण घातलं होतं ती तुम्ही भर रस्त्यात, माझ्यासाठी, आपल्या हातानं उघडी केलीत.

मग आपण दोघं परतीच्या लॉरीची वाट बघत बाभळीखाली बसलो. बराच वेळ एकही वाहन आलं नाही. आसपास मोटार नव्हती, भिंत नव्हती, बोलायला कुणीच नव्हतं. मी मनात म्हणत होते की आता रागवा, झाडावर रागवा, पण रागवा. तुम्ही उपरण्यानं तोंड पुसलंत आणि माझ्या दिशेला मान वळवून थेट मला विचारलंत, "पोरी, भूक लागली का गं?" लग्न झाल्यापासून तुम्ही माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मी उत्तर दिलं नाही. मान हलवली, ती तुम्हाला दिसली नाही.

त्यानंतर सर्व्हिस मोटारी आपल्याकडं आल्या नाहीत. लॉऱ्या यायच्या, एखाद्या डॉक्टरची गाडी यायची. नाक्यावर तुम्हाला "चिच मिस्तरी" म्हणायला लागले. तुम्ही ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचात आणि स्टुलावर बसून बॅटरीला शिकवत राहायचात, आणि मी हलक्या लोखंडानं डाग देत राहायचे. आता चोरून करायची गरज उरली नव्हती. आंधळ्या सासऱ्याला सून हातभार लावते, असं लोक कौतुकानं म्हणू लागले. लढाई संपून तुमचा मुलगा परत आला, त्यानंही मला उठवलं नाही. तुम्ही गेलात त्या आठवड्यातही माझ्या हाताला कथिलाचे चटके होते.

ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. पोरांना, सुनांना, तुमच्या मोठेपणाची म्हणून. सांगताना शेवटी मी म्हणते, काय करणार, तो काळच तसा होता, चार पुरुषांत सुनेनं तोंड उघडायचं नाही. सगळे माना डोलावतात. माझी धाकटी सून तर डोळे पुसते. हे कागद मी तिला दाखवणार नाही, कुणालाच नाही. दाखवले तर ती माझी समजूत घालील, आणि ती मला नको आहे.

रीत आड आली नव्हती, मामंजी. मी बोलले असते, चिंच माझी, हात माझे, तर तुमचं नाव राहिलं असतं. लोक म्हणाले असते, बायकांनी लुडबुड केली, मिस्तरी बिचारे काय करतील. तुम्ही कुणी नवा गडी धरला असता आणि मी घरात गेले असते, कायमची. हे सगळं मला त्या सावलीत उभ्या उभ्या कळलं होतं. मी घाबरले नव्हते, लाजलेही नव्हते. तुम्ही मला भूक लागली का विचारलंत तेव्हा मी गप्प राहिले, कारण तोंड उघडलं असतं तर आवाजावरून तुम्हाला कळलं असतं की मला आनंद झाला आहे.